आधारवर्ष कोणतं धरलंय?

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



'हवामानबदलावर बोला' असं सेक्रेटरींनी सांगितलं. मी शास्त्रज्ञ नाही. छत्तीस वर्षं बँकेत कर्जाचे प्रस्ताव वाचले, एवढीच माझी पात्रता. पण प्रस्ताव वाचणं म्हणजे समोरचा आपल्याला काय पटवू पाहतोय ते ओळखणं. व्हॉट्सअ‍ॅपवर या विषयाचे जे मेसेज फिरतात तेही एक प्रकारे प्रस्तावच असतात.

आधी कबुली देतो. 'पृथ्वीची तापमानवाढ १९९८ सालीच थांबली' असा आलेखासकट मेसेज दोन वर्षांपूर्वी मीच आपल्या ग्रुपवर टाकला होता. त्याच आठवड्यात सर्वसाधारण सभा होती. गच्चीवर सोलर पॅनेल बसवण्याचा ठराव आला, तेव्हा दोघातिघांनी माझाच मेसेज वाचून दाखवला. 'साहेब बँकेतले, उगीच काही पाठवणार नाहीत.' ठराव बारगळला. मला तेव्हा बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू!

पुढे एका दुपारी तो आलेख पुन्हा उघडला आणि शरमलो. प्रत्येक कर्जदाराला विचारायचो तो प्रश्न मी विचारलाच नव्हता: आधारवर्ष कोणतं? १९९८ हे जोरदार एल निन्योमुळे तोवरचं सर्वांत उष्ण वर्ष होतं. तिथून मोजलं की पुढची काही वर्षं सपाट दिसणारच. कापडवाल्याला विक्री वाढलेली दाखवायची असेल तर तो पितृपक्षापासून मोजतो, घटलेली दाखवायची असेल तर दिवाळीपासून. तीच युक्ती. आज १९९८ पहिल्या दहा उष्ण वर्षांतसुद्धा बसत नाही; पहिला नंबर २०२४ चा.

दुसरी युक्ती चुकीचं भांडवल करण्याची. आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील असं छापलं गेलं. त्याला आधार नव्हता आणि २०१० च्या जानेवारीत तशी कबुलीही दिली गेली. पण त्या एका वाक्यावरून सगळा अहवालच बोगस ठरवणारे मेसेज अजून येतात. अहो, एक व्हाउचर चुकलं म्हणून आम्ही अख्खं लेजर जाळत नव्हतो, दुरुस्तीची नोंद करत होतो.

आता दुसऱ्या बाजूचं. तिथेही सगळे धुतल्या तांदळासारखे नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आपल्या मीटर रूममध्ये पाणी शिरलं, हे इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. त्या पुराचे फोटो लावून 'सगळा हवामानबदलाचा प्रताप' असं लिहिलं, की मिठीच्या पात्रातली अतिक्रमणं, तुंबलेले नाले, भरतीची वेळ, सगळं विसरायला मोकळे. तापलेल्या हवेत बाष्प जास्त मावतं, त्यामुळे मोठ्या पावसाचा धोका वाढतो, एवढं खरं सांगितलं तरी पुरे की! घाबरलेला माणूस फॉरवर्ड लवकर करतो, म्हणून ते पुरत नसावं.

'कार्बन फूटप्रिंट'चीही गंमत आहे. हा शब्द घरोघरी पोचवण्यात ब्रिटिश पेट्रोलियमच्या जाहिरातींचा मोठा हात होता. तेल विकायचं त्यांनी आणि हिशोब ठेवायचा आपण! तरी दिवसा जिन्यातले दिवे बंद करा, बिल आपलंच आहे.

सोलरचा ठराव येत्या सभेत मी स्वतः मांडणार आहे. पाण्याच्या टाकीची सावली पॅनेलवर पडेल ही चौथ्या मजल्यावरच्या वहिनींची शंका रास्त आहे. ती किती वाजेपर्यंत पडते ते मी रोज गच्चीवर जाऊन वहीत टिपतोय. वही कमिटीच्या ऑफिसात ठेवीन, ज्यांना तपासायची त्यांनी खुशाल तपासावी.