पाला जंगलातच राहू द्या
(परंदवडी येथील सभेत केलेले भाषण)



पावसाळा जवळ आला की मला फोन येतात, "आमच्या मंडळीच्या नावाने यंदा शंभर रोपे लावा." या प्रेमाबद्दल मी आपला ऋणी आहे. पण आज मी त्या रोपांखालच्या मातीविषयी बोलणार आहे.

झाड हवेतला कार्बन घेते, हे आपली मुले शाळेत शिकतात. पण घेणे वेगळे आणि साठवणे वेगळे. पगार कितीही आला तरी शिल्लक खर्चावर ठरते ना, तसेच हे. मातीत नत्र आणि स्फुरद कमी असले की ते मिळवण्यासाठी झाड आपली बरीच साखर मुळांवर आणि मातीतल्या बुरशीवर खर्च करते. तो कार्बन पुन्हा हवेत जातो. २०१४ साली शास्त्रज्ञांनी जगभरातल्या जंगलांच्या नोंदी तपासल्या. सुपीक मातीवरच्या जंगलांनी घेतलेल्या कार्बनपैकी सुमारे ३० टक्के राखून ठेवला होता; निकस मातीवरच्या जंगलांनी फक्त ६ टक्के.

आता आपला मावळ पाहा. लोणावळ्याकडे वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उतारावरची अन्नद्रव्ये वाहून जातात आणि तांबड्या मातीत स्फुरद लोहाला चिकटून बसते. अशा जागी ऐन, किंजळ, हिरडा ही झाडे बरीचशी आपल्याच गळलेल्या पाल्यावर जगतात. पाला ही जंगलाची ठेव आहे.

ही ठेव मोडते कशी? भाताच्या रोपांसाठी राब भाजायला टहाळ्या तोडल्या जातात, पालापाचोळा गोळा होतो. जाळल्यावर बरेचसे नत्र धुरात जाते. स्फुरद व पालाश राखेत उरतात, पण ते शेताला मिळतात, जंगलाला नाही. वणवा लागला तर उरलेलेही जाते.

याचा बोल लगेच कातकरी बांधवांना लावला जातो. मी वाड्यांवर काम करतो म्हणून सांगतो, अनेकांना राब भाजायला स्वतःचे खाचरच नाही. पूर्वी कोळशाच्या भट्ट्या त्यांनी लावल्या, पण तो कोळसा जळला शहरात. मोळी विकली तर त्या दिवशी चूल पेटते. त्यांना पर्याय न देता "जंगल वाचवा" म्हणणे न्यायाचे नाही.

पर्याय आहेत. बांधावर गिरीपुष्पाच्या फांद्या लावल्या तर त्या सहज जगतात. हे झाड हवेतले नत्र मातीत आणते. त्याचा पाला चिखलणीच्या वेळी खाचरात घालता येतो. चारसूत्री भात लागवडीत हेच सांगितले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाला आपले जंगल राखण्याचा अधिकारही आहे.

म्हणून माझी विनंती अशी. शंभर रोपांऐवजी पन्नासच द्या, पण त्यांच्या तीन वर्षांच्या राखणीची मजुरी द्या. उन्हाळ्यात जाळरेषा काढणाऱ्या वाडीतल्या हातांना दाम द्या. आणि आपल्या चर्चच्या आवारातला पाला या वर्षीपासून जाळू नका. एक खड्डा खणा आणि तो कुजू द्या. सातव्या वर्षी जमिनीला विसावा देण्याची आज्ञा आपण लेवीयाच्या पुस्तकात वाचतोच. मातीचेही देणे असते. ते फेडायला आपण आपल्या अंगणापासून सुरुवात करू या.