चिल्लर आणि दान



जेतवनासाठी अनाथपिंडिकाने जमिनीवर नाणी अंथरली. राजपुत्र जेत विकायला तयारच नव्हता. पण न्यायाधीशांनी निवाडा दिला, किंमत बोललास तिथेच सौदा झाला. गाड्या भरून नाणी आली. दाराजवळ थोडी जागा उरली, ती जेताने स्वतःहून दिली. भरहूतच्या शिल्पात ती चौकोनी नाणी आजही दिसतात.

आमच्याकडे मात्र एका मावशीने थकलेली वर्गणी रुपया-रुपयाच्या चिल्लरीत आणली, तर मोजणाऱ्याने तोंड वाकडे केले. २०११ च्या नाणे कायद्याने रुपया व त्यावरील नाणी १,००० रुपयांपर्यंत वैध चलन आहेत; अर्धा रुपया १० रुपयांपर्यंत. मावशीचे तर दोनशेच होते! खजिनदारसाहेब, पावती फाडा. मोजायला मी बसतो.