मधुमेह, स्मार्टफोन आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात गुंजवणे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राजगडाच्या पायथ्याशी, आपल्या मूळ गावी, पुण्यामुंबईहून आलेली कुटुंबे आणि येथेच राहून घरशेती सांभाळणारी कुटुंबे आज एकत्र बसली आहेत. अशा प्रसंगी चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. स्मार्टफोन आणि सतत शर्करा मोजणारा सेन्सर यांचा मधुमेहात काय उपयोग, हा विषय कार्यकारिणीने मला नेमून दिला. मी वैद्य नव्हे. माझे आयुष्य शाळेत विज्ञान शिकविण्यात गेले. परंतु अनेक वर्षे मी मधुमेही आहे, इन्सुलिन घेतो आणि हा सेन्सर दंडावर लावून त्याचे गुणदोष पाहत आलो आहे. औषधाची मात्रा सांगणे हा माझा अधिकार नाही. तो आपापल्या डॉक्टरांचा. घरातील माणसांनी काय जाणून घ्यावे, एवढेच मी सांगणार आहे.

मधुमेह आपल्या देशाला नवा नाही. चरक व सुश्रुत यांच्या ग्रंथांत प्रमेहाचे वर्णन आहे, आणि सुश्रुताने जन्मतः येणारा व अपथ्याने होणारा असे त्याचे दोन प्रकारही सांगितले आहेत. तथापि आपल्यापैकी पुष्कळांची अजून अशी समजूत आहे की हा रोग गादीवर बसणाऱ्या, अंगाने सुटलेल्या शहरी माणसाचा. डोंगर चढणाऱ्याला आणि भातखाचरात राबणाऱ्याला तो होत नाही. ही समजूत खरी नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आपल्या देशात सुमारे दहा कोटी दहा लक्ष लोकांना मधुमेह आहे.

बारीक माणसालाही हा रोग का होतो, याचा शोध आपल्या पुण्यातच लागत गेला, ही अभिमानाची गोष्ट होय. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळील सहा खेड्यांत गरोदर मातांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो भरले. पण आपल्या बालकांत उणीव होती ती विशेषतः स्नायूंची. चरबी त्या मानाने शाबूत होती. पुढे २००४ साली याज्ञिकांनी आपले इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांच्यासह दोघांचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा अगदी समान, २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. तेव्हा केवळ अंगकाठी पाहून 'मला काय होते?' असे म्हणण्यात अर्थ नाही. तपासणी करून घेणे हाच मार्ग.

आता यंत्राकडे वळू. रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी अशी एक चकती दंडाच्या मागील बाजूस चिकटवितात. तिच्यापासून केसासारखा बारीक, लवचिक तंतू कातडीखाली काही मिलिमीटर जातो. बसविताना सुई क्षणभर आत जाऊन परत येते. आत राहतो तो केवळ तंतू. पेशींच्या मधील द्रवात जी शर्करा असते, तिच्यावर तंतूवरील एक विकर क्रिया करते, त्यातून अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि त्याच्या प्रमाणावरून शर्करेचा आकडा ठरतो. या कल्पनेचे मूळ १९६२ सालच्या क्लार्क व लायन्स या अमेरिकन संशोधकांच्या कार्यात आहे. दर एक ते पाच मिनिटांनी नवा आकडा ब्लूटूथद्वारे मोबाईलवर येतो. सामान्यतः दहा ते पंधरा दिवसांनी चकती बदलावी लागते.

येथील मंडळी नेहमी विचारतात, 'डोंगराआड रेंज नसते, मग हे चालणार कसे?' चकती आणि मोबाईल यांचे संभाषण आपापसात होते. त्यास रेंज लागत नाही. रेंज लागते ती हा आकडा पुण्यामुंबईच्या मुलांना दिसावा यासाठी. परंतु मोबाईल जवळ हवा. तो घरी फळीवर ठेवून आपण खाचरात लावणीला गेलो, तर इशारा फळीलाच ऐकू जाणार. म्हणून मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून अंगावर ठेवावा आणि चकतीच्या कडा चिखलपाण्याने सुटू नयेत म्हणून वरून चिकटपट्टी लावावी. मोबाईल मुका करून ठेवला, सूचनांची परवानगी बंद केली किंवा बॅटरी संपली, तर इशारा वाजत नाही. मोबाईलमधील अशा मांडणीमुळे महत्त्वाचे इशारे चुकल्याची सूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मुद्दाम प्रसिद्ध केली होती. त्याच प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये असेही बजावले की कातडीला न टोचता शर्करा सांगण्याचा दावा करणाऱ्या घड्याळांवर व अंगठ्यांवर विसंबू नये. जत्रेत आणि मोबाईलवर अशा वस्तू स्वस्तात दिसतात. त्यांच्या आकड्यावर इन्सुलिनची मात्रा ठरविणे जिवावर बेतू शकते.

आकडा वाचण्याचीही रीत आहे. बहुतेक प्रौढ मधुमेहींनी दिवसाच्या सत्तर टक्के वेळ, म्हणजे सुमारे सतरा तास, ७० ते १८० मिलिग्रॅम या मर्यादेत असावे असे तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१९ साली सुचविले. वृद्ध व दुर्बल रुग्णांसाठी ही अपेक्षा पन्नास टक्क्यांवर आणली आहे. पण त्यांची शर्करा सत्तरच्या खाली जवळजवळ जाऊच नये, असा कटाक्ष आहे. आकड्याशेजारी बाण असतो, त्याकडे विशेष लक्ष द्यावे. ११० आणि बाण आडवा असेल तर निश्चिंत असावे. ११० आणि बाण वेगाने खाली असेल तर सावध व्हावे. तसेच चकती द्रवातील शर्करा मोजते, रक्तातील नव्हे. म्हणून शर्करा झपाट्याने बदलत असता मोबाईलचा आकडा काही मिनिटे मागे राहतो. चकतीच्या कुशीवर झोपल्यासही आकडा खोटा कमी दिसतो. अंगातील लक्षणे आणि मोबाईल यांचा मेळ बसत नसेल तर बोट टोचून ग्लुकोमीटरवर खात्री करावी. सेन्सर आला म्हणून ग्लुकोमीटर माळ्यावर टाकू नये.

या आलेखाने माझ्या ताटाविषयीच्या काही समजुती मोडल्या. गूळ साखरेपेक्षा निरुपद्रवी, ही त्यांतील पहिली. आलेखाला गूळ आणि साखर यांतला भेद कळत नाही. नाचणीची भाकरी कितीही खावी, ही दुसरी. नाचणी गुणी धान्य आहे, पण तीतही पिष्ट आहेच; तिसऱ्या भाकरीला रेघ वर चढते. याउलट तोच इंद्रायणी भात, आधी पालेभाजी व आमटी खाऊन मग मोजका घेतला आणि जेवणानंतर वीस मिनिटे पाय मोकळे केले, तर माझी रेघ बरीच खाली राहते. प्रत्येकाची रेघ वेगळी असेल. ती आपली आपण पाहावी, हाच या यंत्राचा खरा शिक्षकधर्म आहे.

परंतु मित्रहो, ज्यासाठी मी आज येथे उभा आहे ती गोष्ट याहून मोठी आहे. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला वाढलेल्या शर्करेइतकेच, किंबहुना त्या घटकेस अधिक, भय घटलेल्या शर्करेचे असते. दिवसभर लावणी केली किंवा पाहुण्यांबरोबर गड चढून आलो, तर त्या श्रमाचा परिणाम कित्येक तासांनी, रात्री झोपेत दिसू शकतो. घाम सुटतो, हात कापतात, बोलणे बरळल्यासारखे होते. पुढे शुद्ध हरपते. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसास तीन सपाट चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटे थांबावे, बोट टोचून पुन्हा तपासावे व आकडा वर आला नसेल तर पुन्हा द्यावी. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काहीही घालू नये. तत्काळ दवाखाना गाठावा.

आता कल्पना करा. आईवडील गुंजवण्यात, मुलगा मुंबईत. रात्री दोन वाजता मुलाच्या मोबाईलवर आकडा दिसतो, ५८, बाण खाली. तो फोन करतो. वडील उचलत नाहीत. मुंबईहून तो काय करणार? येथून दवाखान्यासाठी वेल्हे किंवा नसरापूर गाठावे लागते, तेही वाहन मिळाले तर. त्या क्षणी उपयोगी पडतो तो शेजारी, ज्याचा क्रमांक मुलाजवळ आहे, ज्याला हा आजार ठाऊक आहे आणि ज्याला साखरेचा डबा कोठे असतो हे माहीत आहे. मोबाईल सूचना देतो. साखरपाणी माणसानेच द्यावे लागते. ज्या घराने आपला आजार शेजाऱ्यापासून लपविला, त्या घराला हा महागडा सेन्सर अर्धाच उपयोगी आहे.

दुसऱ्या बाजूनेही थोडा विवेक हवा. कित्येक घरांतून असे होते की दूरचा मुलगा दिवसातून चारदा फोन करून 'आता काय खाल्लेत?' असा जाब विचारतो. दोन आठवड्यांत वडील चकतीच काढून टाकतात. मायेचा पहारा झाला की माणूस पळवाट शोधतो. म्हणून आकडा कोणास दाखवावयाचा हे रुग्णाने स्वतः ठरवावे, आणि मुलांनी असा करार करावा की शर्करा सत्तरच्या खाली गेली तरच फोन करू. बाकीची चर्चा डॉक्टरांसमोर, आलेख पुढे ठेवून.

आणि एक नाजूक विषय, जो आपल्या संमेलनातून सहसा निघत नाही. लहानपणीच इन्सुलिन लागणाऱ्या मधुमेहाची मुले-मुली आपल्याही ज्ञातीत आहेत. तो गोड खाल्ल्याने होत नाही, आईबापांच्या दोषाने होत नाही; शरीराचीच संरक्षणव्यवस्था इन्सुलिन करणाऱ्या पेशींचा नाश करते. १९२२ साली टोरांटो येथे इन्सुलिन प्रथम रुग्णास देण्यात आले. तेव्हापासून ही मुले जगतात, शिकतात, संसार करतात. परंतु मुलगी पाहण्याचा कार्यक्रम ठरला की घरातूनच सूचना होते, 'चकती काढ, नाहीतर लांब बाह्यांचे नेस.' ज्या वस्तूवर तिचा जीव सुरक्षित आहे, ती आपण तिला पाहुण्यांसाठी काढावयास लावतो! वरपक्षाला सत्य सांगणे हे कर्तव्य आहे. लपवून जुळविलेले लग्न दोन्ही घरांना दुःख देते. पण सत्य ऐकून स्थळ परतविणाऱ्यांनीही विचार करावा की योग्य उपचार व देखरेख असता अशी मुलगी शिक्षण, नोकरी, मातृत्व, सर्व काही पार पाडू शकते.

शेवटी खर्चाविषयी. एका चकतीस काही हजार रुपये पडतात. महिन्याला दोन घेणे भातशेती करणाऱ्या कुटुंबास सोपे नाही. सुदैवाने ती सर्वांनाच नित्य लागत नाही. केवळ गोळ्यांवर ज्यांची शर्करा ठीक आहे, त्यांना तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी व ग्लुकोमीटर बहुधा पुरे. ज्यांचे कोठे बिघडते ते कळत नाही, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने वर्षातून एकदोनदा पंधरा दिवस सेन्सर लावून शिकून घ्यावे. इन्सुलिनवरील मुलांना आणि झोपेत शर्करा घटणाऱ्यांना मात्र तो सतत मिळावा. आपले मंडळ गुणी विद्यार्थ्यांस बक्षिसे देते, ते योग्यच आहे. त्याच निधीशेजारी इन्सुलिनवरील मुलांसाठी एक लहानसा निधी उभारावा, अर्जदारांची नावे जाहीर करू नयेत आणि प्रत्येक वाडीत शर्करा घटल्यास काय करावे हे जाणणारी दोन माणसे तयार करावीत, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे नम्रपणे ठेवतो. पहिल्या कामाला पैसा लागेल. दुसऱ्याला एक दुपार पुरेल.

 येथून उठून पंगतीला बसण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या शेजारच्यास एवढे विचारावे, 'तुमच्या घरी इन्सुलिन कोणी घेते का?' आणि उत्तर होकारार्थी आल्यास आपला क्रमांक त्यांना द्यावा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.