आपली हक्काची जागा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. मनातली एक रुखरुख तेवढी तुमच्यापुढे मांडते.

आमची सूनबाई रात्री जेवणे आटोपली, की मोबाइल घेऊन बसते. एकदा मी बोलून गेले, "त्यापेक्षा माणसांत मिसळावे!" ती शांतपणे म्हणाली, "आई, इथे माणसेच आहेत." आणि तिने सारी हकीकत सांगितली.

आवडत्या कादंबरीतल्या, मालिकेतल्या पात्रांच्या पुढच्या कथा रचून इंटरनेटवर एकमेकींना वाचायला देणाऱ्या बायका जगभर आहेत. पण जागा परक्याची; मालकाची मर्जी फिरली, की कथा नाहीशा! म्हणून २००७ साली अमेरिकेत काही जणींनी स्वतःची संस्था काढली. २००९ साली त्यांचे 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे कथांचे भांडार सर्वांना खुले झाले. तिथे जाहिरात नाही, वाचनाला पैसे नाहीत. खर्च देणग्यांतून चालतो आणि काम स्वयंसेवक करतात. कोणी कथांची वर्गवारी लावते, तर काही जणी या कामापायी संगणकाची भाषा शिकल्या. २०१९ साली या भांडाराला विज्ञानकथेच्या क्षेत्रातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. तो डब्लिनला स्वीकारताना लेखिका नाओमी नॉविक यांनी, ज्यांना हे काम आपले वाटते त्यांनी उभे राहावे, असे सांगितले. सभागृहात ठिकठिकाणी माणसे उभी राहिली.

ऐकताना मला आपलीच सुरुवात आठवली. दुसऱ्यांच्या ओसरीवर आपण जमत होतो. मग पै-पै साठवून ही खोली केली. सतरंज्या आपणच झटकतो, हिशेबही आपणच लिहितो.

भगिनींनो, सूनबाई या घरी नवी आली, तेव्हा तिने लिहिलेल्या कथेला पहिली शाबासकी दूरच्या एका अनोळखी मुलीने दिली. मी शेजारच्याच खोलीत होते. तिच्या एकटेपणाची मला गंधवार्ताही नव्हती!

तरुण मुली मंडळात येत नाहीत, ही आपली नेहमीची तक्रार. पण "तुला काय आवडते गं?" असे आपण कधी विचारले का? माझी सूचना एवढीच, की महिन्यातली एक दुपार त्यांच्या आवडीच्या वाचनाला द्यावी. पहिल्या दुपारी सूनबाई येणार आहे. ऐकायला मी पुढच्या सतरंजीवर बसेन.