वांकविलेल्या लांकडाची खुर्ची

घरांतील सर्व सामानांत खुर्चीची योग्यता कांहीं निराळी आहे. कपाट मनुष्याच्या वस्तु सांभाळतें, मेज त्याचीं पुस्तकें सांभाळतें. खुर्चीला मात्र खुद्द मनुष्यच सांभाळावा लागतो. म्हणूनच कीं काय, पाय, पाठ, हात हीं शरीराचींच नांवें भाषेनें तिला दिलीं आहेत. पाट, चौरंग आणि लोड-तक्क्यांची बैठक यांवर शतकानुशतकें समाधान मानणाऱ्या महाराष्ट्रांत खुर्ची ही अधिकाराची खूण होती. कोणाला खुर्ची मिळाली, कोणाची खुर्ची गेली, असें आपण अद्यापहि म्हणतों. युरोपांतहि फार काळ हीच स्थिति होती. मग ही मानाची वस्तु साध्या उपाहारगृहांत चहा पिणाऱ्या सामान्य माणसाच्या वांट्याला आली कशी? या प्रश्नाचें बरेचसें उत्तर एका जर्मन सुताराच्या चरित्रांत सांपडतें.

मिखाएल टोनेट याचा जन्म १७९६ सालीं ऱ्हाईन नदीच्या कांठीं बोप्पार्ड या गांवीं झाला. १८१९ मध्यें त्यानें तेथें स्वतःचा सुतारकामाचा धंदा सुरू केला. त्या काळीं बांकदार पाठीच्या खुर्च्यांची आवड होती. परंतु बांक साधावयाचा तर जाड फळीतून तो आकार कापून काढावा लागे. यांत निम्मेंअधिक लांकूड भुशांत जाई, आणि जेथें लांकडाचे तंतु आडवे कापले जात तेथेंच खुर्ची पुढें मोडे. झाडांत जे तंतु सरळ वाढले आहेत, ते न तोडतां वळवितां येणार नाहींत काय, असा विचार टोनेटच्या मनांत घोळूं लागला. १८३० नंतरच्या दशकांत त्यानें लांकडाच्या पातळ पट्ट्या सरसांत उकळून, त्या एकावर एक ठेवून सांच्यांत वांकविण्याचे प्रयोग केले. खुर्ची हलकी झाली, आणि मजबूतहि झाली.

१८४१ सालीं कोब्लेंझ येथील प्रदर्शनांत हें काम ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी मेटर्निक याच्या दृष्टीस पडलें व त्यानें टोनेटला व्हिएन्नास येण्याविषयीं सुचविलें. पुढील वर्षीं तेथील दरबारानें लांकूड वांकविण्याचा खास हक्क टोनेटला दिला; पण त्याच वर्षीं इकडे बोप्पार्डमध्यें सावकारांनीं त्याची मालमत्ता जप्त केली. परदेशांत पेटंटें मिळविण्याच्या खटपटींत कर्ज वाढलें होतें. शेहेचाळीस वर्षांचा हा कारागीर बायकामुलांसह परक्या राजधानींत आला आणि कांहीं वर्षें दुसऱ्याच्या हाताखालीं राबला. लिश्टेनश्टाइन घराण्याच्या राजवाड्यांतील लांकडी जमिनी व खुर्च्या या काळांतल्या आहेत. १८४९ मध्यें त्यानें पुन्हां आपला धंदा मांडला. १८५० च्या सुमारास व्हिएन्नांतील डाऊम नांवाच्या कॉफीगृहानें त्याच्या खुर्च्या मागविल्या, १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनांत त्याला कांस्यपदक मिळालें, आणि १८५३ मध्यें त्यानें व्यवसाय पांच मुलांच्या नांवें केला. टोनेट बंधु ही पेढी ती हीच.

यश आलें, पण अडचणहि आली. दूरदेशीं समुद्रमार्गानें गेलेल्या खुर्च्या दमट हवेंत टिकेनात. सरस सुटे व पट्ट्या उलगडत. तेव्हां सरसावांचून, अखंड लांकूडच वांकविलें पाहिजे, हें उघड झालें. एखादी ओली फांदी हातानें वांकवून पाहिली म्हणजे यांतील अवघडपणा ध्यानांत येतो. बांकाच्या आंतल्या बाजूचे तंतु दाबले जातात, बाहेरच्या बाजूचे ताणले जातात, आणि फांदी तडकते ती बाहेरच्या बाजूनें. वाफेनें मऊ केलेलें लांकूड दाब पुष्कळ सोसतें. ताण मात्र त्याला थोडाहि सोसत नाहीं. टोनेटनें या स्वभावाशीं भांडण केलें नाहीं. दांडीच्या बाहेरच्या अंगास त्यानें लोखंडी पट्टी लावली व ती दोन्हीं टोंकांना घट्ट जखडली. आतां बाहेरची बाजू लांबूं शकेना; ताण लोखंडानें घेतला आणि लांकडाला केवळ दाब सोसावयाचा राहिला. लांकूड आणि लोखंड यांची अशी जोडी आपल्याकडे बैलगाडीच्या चाकांत फार जुनी आहे. चाकाची धांव कायमची असते. टोनेटची पट्टी मात्र सांच्यांत लांकूड वाळेपर्यंतच. पट्टी काढली कीं बांक तेवढा मागें राहतो.

या कृतीचा हक्क १८५६ सालीं मिळाला आणि लागलीच मोराव्हिया प्रांतांत कोरिचान येथें कारखाना उभा राहिला. ही जागा निवडण्याचें कारण तेथील अरण्यें. बीच नांवाच्या वृक्षाचें लांकूड सरळ तंतूंचें व वाफेला वश होणारें, आणि तो वृक्ष तेथें विपुल होता. १८५९ मध्यें या पेढीच्या यादींत १४ क्रमांकाची खुर्ची आली. तिची घडण पुढें स्थिरावली तेव्हां तिच्यांत लांकडाचे अवघे सहा भाग उरले. एकाच लांब दांडीनें मागचे दोन पाय व पाठ होते. तिच्या आंत दुसरी लहान कमान. बैठकीचें एक कडें. पुढचे दोन पाय. आणि पायांना बांधून धरणारें खालचें दुसरें कडें. यांना जोडावयास दहा स्क्रू व दोन नट पुरत. बैठक वेताची, म्हणजे हवेशीर. सुटे भाग करून अशा ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यांत मावत, आणि पोंचल्यावर कोणींहि त्या जोडाव्या. १९३० पर्यंत या खुर्चीच्या सुमारें पांच कोटि प्रती विकल्या गेल्या असें सांगतात.

एवढ्या संख्येनें निघालेली वस्तु कुरूप असेल असें वाटणें साहजिक आहे. त्या काळच्या विचारवंतांचेंहि तेंच मत होतें. इंग्लंडांत विल्यम मॉरिस यानें १८६१ मध्यें आपली पेढी काढली ती यंत्राच्या ओबडधोबड मालाला कंटाळून. हातानें केलेली, मन ओतलेली वस्तु घरोघर जावी ही त्याची तळमळ होती. पण तसल्या बहुतेक वस्तु श्रीमंतांनाच परवडल्या, आणि हें शल्य त्याला जन्मभर सललें. टोनेटनें सौंदर्याचा सिद्धांत मांडला नाहीं. त्याच्या खुर्चींत नक्षी नाहीं, वेलबुट्टी नाहीं. जी डौलदार रेषा दिसते ती लांकूड जेथवर सुखानें वळतें त्याचीच रेषा आहे. शोभा वरून चढविली असती तर प्रत्येक खुर्चीमागें तिचें मोल पडलें असतें. येथें ती कृतींतूनच आली, म्हणून फुकट आली. पुढें १९२५ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत ल कॉर्बूझिए या वास्तुशिल्पज्ञानें आपल्या नव्या धर्तीच्या घरांत वांकविलेल्या लांकडाच्याच खुर्च्या मांडल्या, यांत नवल नाहीं.

तथापि या स्वस्ताईचा हिशेब पुरा मांडला पाहिजे. जें कौशल्य पूर्वीं सुताराच्या हातांत होतें तें आतां लोखंडी सांच्यांत गेलें. कोरिचानच्या कारखान्यांत कसबी सुतारांची गरज थोडी होती. गांवांतलींच शेतांत राबणारीं माणसें थोड्या दिवसांत एकेक काम शिकत. पुरुषांनीं वाफाळलेली दांडी वांकवावी, बायकांनीं घासून चकचकीत करावें. वेताच्या बैठकी तर घरीं बसून बायका व मुलें विणीत. संपूर्ण खुर्ची करणारा कोणीच राहिला नाहीं. सामान्य माणसाला बसावयास चांगली जागा मिळाली, पण ती जागा करणाऱ्या सामान्य माणसाच्या हातून निर्मितीचा आनंद निसटला. मॉरिस जें साधूं शकला नाहीं तें टोनेटनें साधलें, आणि मॉरिसला ज्याचें भय वाटलें तेंहि त्याच्याच कारखान्यांत घडलें. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीनें दुसरी खोडली जात नाहीं.

टोनेटचा खास हक्क १८६९ मध्यें संपला व १८७१ त तो स्वतः वारला. मध्य युरोपांत अनेक कारखाने तशाच खुर्च्या करूं लागले, आणि त्या आगबोटींतून मुंबईस येऊन पोंचल्या. इराणी उपाहारगृहांत संगमरवरी मेजांभोंवतीं ज्या काळपट, गोल बैठकीच्या खुर्च्या असत त्या याच कुळांतल्या. मुंबईच्या पावसाळ्यांत सरसाचे सांधे सुटतात; येथें तर सरसाचा प्रश्नच नव्हता. एका आण्याचा चहा घेणाऱ्या गिरणीकामगाराला आणि त्याच्या शेजारीं वर्तमानपत्र वाचणाऱ्या वकिलाला एकाच घडणीची खुर्ची मिळे. बैठकीपुरता तरी तेथें उच्चनीच भेद उरला नव्हता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही उपाहारगृहें एकामागून एक बंद पडत गेलीं. त्यांच्या खुर्च्यांपैकीं कित्येक जुन्या वस्तूंच्या बाजारांत गेल्या, आणि आज तेथें त्यांना जी किंमत येते ती ऐकून मूळ गिऱ्हाइकांनीं तोंडांत बोट घातलें असतें. सर्वांसाठीं केलेली वस्तु अशा रीतीनें पुन्हां थोड्यांच्या दिवाणखान्यांतली शोभा होऊं पाहते. तसें होऊं न देणें पुष्कळ अंशीं सामान्य गृहस्थाच्याच हातीं आहे. घरांत अशी एखादी खुर्ची डुगडुगूं लागली तर बहुधा तिचे स्क्रू तेवढे आवळावे लागतात. वेत फाटला तर तो पुन्हां विणतां येतो. या विणकामावर आपल्याकडे अनेक अंध कारागिरांनीं संसार चालविला आहे. एखादा पाय निकामी झाला तर तेवढाच बदलतां येतो. शंभर वर्षें टिकेल आणि जिची दुरुस्ती गल्लींतला कारागीर करूं शकेल अशी वस्तु माळ्यावर टाकण्यासाठीं किंवा मिरविण्यासाठीं नसते. ती बसण्यासाठीं असते. आणि पाहुणा येतांच त्याच्यापुढें ती निःशंकपणें ओढतां यावी यांतच तिच्या कर्त्याच्या श्रमांचें सार्थक आहे.