सत्य ऐकणाऱ्याचे कर्तव्य



‘नेहमी खरे बोलावे’ हा धडा प्रत्येक शाळेत गिरवला जातो. नोकरीत पाऊल टाकल्यावर मात्र तोच धडा अवघड होतो. वरिष्ठांची आज्ञा पाळावी, संस्थेची गुपिते जपावीत, सहकाऱ्यांना सांभाळून घ्यावे, हीदेखील कर्तव्येच असतात. अशा वेळी एक कर्तव्य दुसऱ्या कर्तव्याच्या आड उभे राहते.

सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्यापुढे हाच पेच उभा राहिला. बिहारमधील सिवान जिल्ह्यात जन्मलेले दुबे कानपूरच्या आयआयटीचे स्थापत्य अभियंता. 2002 मध्ये ते राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात रुजू झाले. सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पाच्या कामावर देखरेख करताना त्यांना निकृष्ट बांधकाम आणि आर्थिक गैरव्यवहार आढळले. गप्प राहणे सोपे होते. त्यांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहिले. निनावी तक्रारीला किंमत नसते हे जाणून त्यांनी स्वतःची ओळख वेगळ्या कागदावर दिली आणि ती गुप्त राखण्याची विनंती केली. तरीही ते पत्र नावासकट एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात गेले.

27 नोव्हेंबर 2003 रोजी गया येथे दुबे यांची गोळ्या घालून हत्या झाली. तपास यंत्रणेने ही हत्या लुटीच्या हेतूने झाल्याचे म्हटले आणि 2010 मध्ये न्यायालयाने तिघांना दोषी ठरवले. हत्येमागील हेतूविषयी काहीही मत असो, नाव गुप्त राखण्याची विनंती पाळली गेली नाही, हे सत्य उरतेच.

दुबे यांच्या धैर्याचा गौरव पुष्कळ झाला. विचार व्हायला हवा तो त्या पत्रावर शेरा मारून ते पुढे पाठवणाऱ्या हातांचा. त्यांतील प्रत्येकाला आपण केवळ कार्यालयीन रीत पाळली असेच वाटले असेल. नीतीचा प्रश्न आपल्याही टेबलावर येऊन गेला, हे बहुधा त्यांच्या ध्यानातही आले नसावे. नोकरीतील बहुतेक नैतिक प्रसंग असेच साध्या फायलीच्या रूपाने येतात.

या घटनेनंतर, 2004 मध्ये, तक्रारदाराची ओळख गुप्त राखून तक्रार स्वीकारण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवण्यात आले. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा 2014 मध्ये संमत झाला. मात्र त्यानंतर वर्षांमागून वर्षे लोटली तरी तो अंमलात आला नाही. म्हणूनच माणसांच्या सदसद्विवेकावरील भार अद्याप हलका झालेला नाही.

वर्गातील एखादे मूल भीत भीत शिक्षकांच्या कानात काही सांगते, तेव्हा चांगला शिक्षक त्याचे नाव वर्गात उच्चारत नाही. या शाळेतून बाहेर पडणारे विद्यार्थी उद्या देशभरच्या कार्यालयांत, कारखान्यांत आणि रुग्णालयांत अधिकाराच्या जागी बसतील. खरे बोलण्याचे धैर्य त्यांच्या अंगी असावेच. पण दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेले खरे जपण्याची जबाबदारीही त्यांनी येथूनच सोबत न्यावी. हीरक महोत्सवी वर्षात शाळेने याहून मोठी शिदोरी ती कोणती द्यावी?