सातबारा नाही, म्हणून जामीनही नाही
(मनमाड येथील कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



आज आपण मनमाड टेसनवर उतरलो. याच टेसनवरून आपल्या बाया नाशिकरोड तुरुंगात नवऱ्याला भेटायला जातात. मजुरी बुडते, तिकिटाचे पैसे वेगळे. "कधी सुटणार?" विचारलं तर उत्तर एकच, पुढची तारीख पडली.

आत असलेल्या आपल्या माणसांवर गुन्हा शाबित झालेला नाही. बापजाद्यांपासून कसलेली जमीन कागदावर फॉरेस्ट आहे. इंग्रजांचा 1927 चा वनकायदा अजून चालूच. नांगर धरला की अतिक्रमण, मोळी आणली की चोरी. कोर्ट जामीन देतं, पण म्हणतं जामीनदार आणा, त्याचा सातबारा आणा. सातबारा असता तर केस झाली असती का? जो कागद नाही म्हणून धरलं, तोच आणा म्हणजे सोडतो! शेजारी जामीन राहायला तयार असतो, पण त्याचीही जमीन तसलीच. तोवर पेरणी बुडते, बैल विकला जातो. शेवटी माणूस कंटाळून न केलेला गुन्हा कबूल करतो.

सुप्रीम कोर्टाने काय सांगितलंय ते ऐका. मध्य प्रदेशातल्या मोतीराम गवंड्याकडे 10,000 रुपयांचा जामीन मागितला. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊही चालला नाही. 1978 साली न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याला 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडलं. 1979 साली हुसैनारा खातून खटल्यात बिहारचे कच्चे कैदी उजेडात आले. शिक्षा झाली असती त्याहून जास्त काळ ते खटल्याविना आत होते. कोर्ट म्हणालं, ज्याची मुळं गावात आहेत, जो पळणार नाही, त्याला जातमुचलक्यावर सोडा. गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळणं हा हक्क आहे.

आपल्याइतकी मुळं कोणाची आहेत? ज्या जमिनीपायी तुरुंगात गेलो, ती टाकून आम्ही पळणार कुठे?

आमची मागणी सरळ आहे. जमिनीच्या केसमध्ये जातमुचलका घ्या. पहिल्या दिवसापासून वकील द्या.

पण चूक आपलीही आहे. माणूस आत गेला की पाडा त्याला विसरतो. म्हणून दर पाड्यात एक वही ठेवा. नाव, अटकेची तारीख, कलम, पुढची तारीख लिहा. 60 दिवसांत, मोठ्या गुन्ह्यात 90 दिवसांत, चार्जशीट आलं नाही तर जामीन हा हक्क आहे. पण तो मागावा लागतो, आणि दिवस मोजल्याशिवाय मागता येत नाही. आत गेलेल्याचं शेत सगळ्यांनी मिळून पेरा. तो मग घाबरून कबुली देणार नाही.

जमीन आमच्या हक्काची! जिंदाबाद!